कव्हर नसलेला वेताळ

आमच्या घरातल्या वेताळाला कव्हर नव्हतं.

१९७७च्या मे महिन्यात गिरगावातला काका सुट्टीत घरी आला, तो एसटीच्या टपावर सुतळीने आवळलेलं एक खोकं घेऊन. आंब्याच्या दिवसांत मुंबईहून येणारा माणूस सहसा रिकाम्या हातांनी येतो आणि भरल्या खोक्यांनी जातो, म्हणून आईने आधी संशयाने पाहिलं. आत सहा जाडजूड बाडं निघाली. काकाच्या चाळीखाली भाड्याने पुस्तकं देणारी एक लायब्ररी होती, ती बंद झाली. रद्दीवाला तागडी घेऊन यायच्या आत काकाने ही बाडं रद्दीच्याच भावात उचलली होती. इंद्रजाल कॉमिक्स, मराठीतले. दहा-दहा अंक एकत्र करून बाजूने जाड दोऱ्याने शिवलेले, वर पुठ्ठा, पाठीला निळं कापड. शिवताना अडचण नको म्हणून बाइंडरने प्रत्येक अंकाचं कव्हर काढून टाकलेलं. पुठ्ठा उघडला की थेट गोष्टच सुरू.

आजीने चष्मा लावून पहिलं चित्र पाहिलं आणि तिला नाव वाचून दाखवल्यावर म्हणाली, "ह्यो खयचो वेताळ रे? चड्डी भायरसून घातल्यान हा, आनि पायात व्हाणो नाय!"

तिचं बरोबर होतं. आमचा गाव वेंगुर्ल्याजवळचा. आरवलीचा वेतोबा आम्हाला शेजारचाच. तो रात्री गावाच्या राखणीला हिंडतो, हिंडून हिंडून त्याच्या पायातल्या वहाणा झिजतात, म्हणून लोक नवसाला केळ्यांचा घड आणि चामड्याची मोठाली पायताणं वाहतात. ती पायताणं देवळात मांडलेली मी लहानपणापासून पाहत आलोय. झिजलेल्या तळव्यांकडे आजी अशी बघायची, जणू काल रात्रीच्या फेरीचा हिशेब घेतेय. आणि हा जांभळा माणूस? अमेरिकेतल्या मूळ चित्रपट्टीत तो 'फँटम', आणि त्याचं बिरूदच 'चालणारं भूत' असं आहे. त्याला मराठीत वेताळ म्हणावं असं ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं, त्याला रात्री गावातून चालणारं आपलं दैवत ठाऊक असणारच. त्या भाषांतरकाराचं नाव कधी माझ्या नजरेला पडलेलं नाही. पण एवढं नेमकं नाव मी मराठी भाषांतरात फार थोड्या वेळा पाहिलंय.

पुढचं वर्षभर मी ती सहा बाडं वाचत होतो. मग एकदा सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर गाडीची वाट बघताना स्टॉलच्या दोरीला चिमट्याने लटकवलेला इंद्रजालचा जुना अंक दिसला. कव्हरासकट. उजेड मशालीचा, केशरी, आणि त्यात वेताळाच्या एका खांद्यावर पडलेली तांबूस छटा, दुसरा खांदा अंधारात. आतल्या चित्रांसारखी काळी रेघ मारून वर सपाट रंग भरलेलं चित्र नव्हतं ते. रंगवलेलं होतं. ब्रशचे फटकारे दिसत होते. पैसे माझ्याकडे नव्हते, वडिलांकडे होते पण ते गाडीभाड्याचे होते. गाडी लागेपर्यंत मी ते चित्र पाहत उभा राहिलो. आपल्या घरी साठ अंक आहेत आणि त्या साठांवरचं असलं काहीतरी कुणीतरी काढून टाकलंय, हे तेव्हा लक्षात आलं.

आज माझ्याकडे असलेला संग्रह त्या स्टँडवर सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही, फक्त मधे तीसेक वर्षं गेली. आणि संग्रह म्हटलं तरी आमच्या मंडळींत तो जरा चेष्टेचाच विषय आहे. बाकीचे पूर्ण अंक जमवतात. मी कव्हरं जमवतो. गोष्टी घरी आहेतच.

*

इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं मार्च १९६४ मध्ये, टाइम्स ऑफ इंडिया छापणाऱ्या बेनेट कोलमन कंपनीकडून, मुंबईत. पुढे अमर चित्रकथा काढणारे अनंत पै तेव्हा तिथेच होते. सुरुवातीचे ३२ अंक नुसत्या वेताळाचे. मग जादूगार मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला, रिप कर्बी, बझ सॉयर असे साहेब एकामागून एक येत राहिले. मँड्रेक मला तेव्हाही आवडला नाही आणि आजही नाही. उठसूट हातवारे करून संमोहन करणारा माणूस संकटात सापडतोच कसा, हा प्रश्न मला आठव्या वर्षी पडला होता. १९९० साली हे सगळं बंद झालं, तोवर आठशेच्या आसपास अंक निघाले होते.

वेताळ लिहिला ली फॉक या अमेरिकन लेखकाने. १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांत त्याची रोजची पट्टी सुरू झाली. सुपरमॅन यायला अजून दोन वर्षं होती. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं नसलेले पांढरे डोळे, हे सगळं पुढे ज्या महानायकांच्या झुंडी आल्या त्यांच्या आधीचं. बुबुळं नसण्याचं कारण फॉक सांगत असे की, जुन्या ग्रीक पुतळ्यांना नसतात. पोशाखाचा रंग त्याच्या मनात करडा होता. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पुरवणी निघाली तेव्हा छपाईत तो जांभळा झाला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा आहे, इटलीत लाल. आपल्याकडेही अगदी सुरुवातीच्या अंकांत निळा होता, मग जांभळा झाला. एका जुन्या संग्राहकाने मला पहिल्यांदा निळा वेताळ दाखवला तेव्हा क्षणभर वाटलं, हा कुणी तोतया आहे.

याहून मजेची गोष्ट नावांची. फॉकने ही गोष्ट रचताना तिला पूर्वेकडचा मोघम वास दिला होता. वेताळाच्या देशाचं नाव 'बेंगाली', त्याच्या पूर्वजाला मारणारे समुद्री चाचे 'सिंग', आणखी एका पूर्वजाचा खुनी 'रामा'. आपल्याकडे छापताना ही नावं तशीच ठेवली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको. मग बेंगालीचं 'डेंकाली' झालं, सिंगचं 'सिंगा', रामाचा 'रामालू'. आमच्याच भागातून उचललेली नावं आमच्याच घरी पाठवताना त्यांना खोट्या मिशा लावल्या होत्या. मला डेंकाली आफ्रिकेत कुठेतरी आहे असं ठाम वाटायचं, नकाशात मी ते शोधलंही होतं.

गोऱ्या माणसाने चारशे वर्षं जंगलावर राज्य करावं आणि तिथल्या बुटक्या लोकांनी ते आनंदाने करू द्यावं, या कल्पनेत काय खोट आहे हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं. ते कळल्यावर काही वर्षं मी ती बाडं माळ्यावर टाकली होती. खाली का काढली, याचं पटण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवलेला असतो असं वाचलं आणि त्या ढालींची छायाचित्रं पाहिली, तेव्हा थोडं हलकं वाटलं. ज्यांच्यावर त्याने राज्य करायचं त्यांनीच त्याला पकडून ढालीवर टांगलंय.

*

आता चित्रकारांकडे येतो, कारण खरं बोलायचं ते तिथेच आहे.

वेताळाचं गुपित वाचकाला ठाऊक असतं, जंगलाला नसतं. जंगलातल्या लोकांना वाटतं हा एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे, मरतच नाही. प्रत्यक्षात बाप मेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच मुखवटा चढवतो आणि कामाला लागतो. आपण वाचतो तो एकविसावा. मागचे वीस कवटीच्या गुहेतल्या भिंतीत, नावाची पाटी लावून.

पहिली चित्रं काढली रे मूर याने. त्याचं काम काळोखी, ब्रशचं. रस्त्यावर धुकं असल्यासारखं. महायुद्धात मूर लष्करात गेला, तेव्हा त्याचा मदतनीस विल्सन मॅकॉय पट्टी काढू लागला. मॅकॉय १९६१ मध्ये वारला. मग थोडे दिवस बिल लिग्नांटे, आणि त्याच वर्षी साय बॅरी आला. बॅरीने १९९४ पर्यंत, म्हणजे ३३ वर्षं, वेताळ काढला. माझ्या पिढीचा वेताळ तो बॅरीचा. रुंद छाती, जबड्याची कोरीव रेघ, सिनेमातल्यासारखा अर्धा प्रकाश. पण बॅरीच्या टेबलाशी मदतनीस होते. जॉर्ज ओलेसन नावाचा माणूस वर्षानुवर्षं त्याच्यासाठी पेन्सिलने चित्रं काढत होता आणि पट्टीवर सही बॅरीची असायची. बॅरी निवृत्त झाल्यावर ओलेसनचं नाव पट्टीवर आलं. अशा सही नसलेल्या मदतनिसाला त्या धंद्यात भूत म्हणतात. चालणाऱ्या भुताची चित्रं एक भूत काढत होतं.

आणि आम्ही वाचक? आम्ही डेंकालीतले. आम्हाला वाटायचं, एकच माणूस आहे.

खरं तर फरक दिसत होता. माझ्या बाडांत मॅकॉयच्याही गोष्टी होत्या. तिथे वेताळ जरा लाकडी वाटायचा, चेहरे सपाट, झाडं शाळकरी पोराने काढल्यासारखी. मी समजूत करून घेतली होती की ह्या गोष्टींच्या वेळी वेताळ आजारी असणार. हसू नका. चित्र कुणीतरी काढतं ही गोष्टच डोक्यात नव्हती, मग ते वेगळ्या कुणी काढलंय हे कसं येणार? मॅकॉयला मी फार उशिरा न्याय दिला. त्याच्या चौकटीत एकही रेघ जास्तीची नसते. घोडा धावतो म्हणजे धावतो. बॅरीचा घोडा आधी पोज देतो.

आतल्या पानांवर आणखीही हात होते, त्यांना तर कधी कुणी मोजलंच नाही. वर्तमानपत्रातली पट्टी आडवी, तीन-चार चौकटींची. पुस्तकाचं पान उभं. म्हणजे पट्ट्या कापायच्या, चौकटी वर-खाली लावायच्या, काल काय झालं याची आठवण करून देणारी चौकट गाळायची, जागा उरली तर चित्र वाढवायचं, कमी पडली तर छाटायचं. माझ्या तिसऱ्या बाडात एका चौकटीत वेताळाचा डेव्हिल, तो लांडगा, फक्त कानांपुरता उरलाय. आणि फुगे! फुगा इंग्रजी वाक्याच्या मापाचा, त्यात मराठी वाक्य बसवायचं. 'सावकाश, आवाज करू नकोस' एवढं म्हणायला मराठीला जागा लागते. म्हणून वेताळ आणि त्याचे शत्रू सगळेच तुटक बोलतात. आम्ही अंगणात वेताळ-वेताळ खेळायचो तेव्हा आम्हीही तसंच तुटक बोलायचो. ही शैली कुणा लेखकाची नव्हती, फुग्याची होती.

*

कव्हर मात्र पूर्ण इथलं होतं.

इंद्रजालच्या कव्हरांवर कोपऱ्यात बारीक सही असते: बी. गोविंद. पूर्ण नाव गोविंद ब्राह्मणिया. आतली गोष्ट न्यूयॉर्कच्या, वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेटकडून यायची. बाहेरचं चित्र मुंबईत रंगवलं जायचं. कित्येकदा ते आतल्याच एखाद्या चौकटीवर बेतलेलं असतं. मी माझी कव्हरं आणि बाडं शेजारी ठेवून हे ताडून पाहिलंय. आत बोटभर चौकटीत वेताळ दोरीला लटकून खिडकीत शिरतोय, पाठमोरा. गोविंद त्याला अर्धा वळवतात. चेहऱ्यावर खिडकीतला पिवळा उजेड पाडतात. दोरीला ताण देतात. आत नसलेला चंद्र आकाशात आणतात आणि भिंतीवर ओल दाखवतात. ती ओल पाहा एकदा. ती डेंकालीची नाही, जुलैतल्या मुंबईची आहे.

मग १९७६ मध्ये बहादूर आला. कथा आबिद सुरतींची, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स, चंबळचा मुलूख, जयगड गाव, डाकूचा मुलगा जो डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचं दल उभं करतो. मुखवटा नाही, गुहा नाही. आम्हा पोरांना तो सुरुवातीला फिका वाटला. ओळखीचा माणूस नायक कसा होणार? आता त्याची पानं पाहताना कळतं की इथे पहिल्यांदाच गोविंदना दुसऱ्याच्या चौकटीला कव्हर घालायचं नव्हतं. आतही तेच, बाहेरही तेच. घरांचे पत्रे, खाटेचा काथ्या, बायकांच्या पदराची चुणी, हे सगळं त्यांनी पाहिलेलं आहे आणि हात मोकळा सुटलाय. पुढे इतरांनीही बहादूर काढला, लिहिला. आबिद सुरती म्हणजे 'धर्मयुग'मधल्या ढब्बूजीचे जनक, आणि म्हातारपणी मीरा रोडला घरोघरी जाऊन गळके नळ फुकट दुरुस्त करून देणारे तेच. बहादूरने निवृत्तीनंतर असंच काहीतरी केलं असतं, असं मला वाटतं.

नाव घ्यायचंच तर आणखी दोघांचं घेतो. राज कॉमिक्सचा नागराज १९८६ मध्ये आला. तो हिंदी बाजारपेठेतला, दिल्लीहून निघणारा महानायक. पण सुरुवातीच्या वर्षांतला त्याचा पिळदार देह रंगवला प्रताप मुळीक यांनी, जे आधी अमर चित्रकथेत देवदेवता आणि राजे काढत होते. त्याच कंपनीच्या भोकालवर दिलीप कदम यांची चित्रं आहेत. उत्तर भारतातली एक अख्खी पिढी ज्या दंडांवर फिदा होती, ते दंड मराठी हातांचे होते, हे आमच्या भाच्याला सांगितलं तर त्याने मोबाइलमधून मानही वर केली नाही.

*

कव्हरं मिळतात कुठे? पूर्वी फाउंटनच्या फुटपाथवर, माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी. आता जास्त करून फोनवर. कुणीतरी घर विकतो, माळा साफ होतो, फोटो येतात: 'लॉट, ४२ अंक, १७ कव्हरलेस, सेंटर पेज मिसिंग'. पाच मिनिटांत गेलेलं असतं. या धंद्यातली माणसं बोलताना अंकाला पेशंटसारखं वागवतात. पाठ कशी आहे, पिना गंजल्यात का, कसर लागलीय का.

कसर हा आम्हा कोकणातल्या लोकांचा खानदानी शत्रू. इंद्रजालचा आतला कागद वर्तमानपत्री. लाकडाच्या लगद्यात लिग्निन असतं, ते उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कागदात आम्ल वाढतं आणि शेवटी पान दुमडलं की बिस्किटासारखं तुटतं. त्यात आपल्याकडची दमट हवा. पिना गंजतात आणि गंज पानात उतरतो. अमेरिकेतले संग्राहक एकेक अंक पारदर्शक प्लॅस्टिकच्या कडक पेटीत सीलबंद करून घेतात, वर दर्जाचा आकडा, दहापैकी किती ते. मग तो अंक कुणी उघडू शकत नाही. वाचता येत नाही असं पुस्तक! माझ्याकडे साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या, आम्लविरहित पुठ्ठा आणि कपाटाच्या कोपऱ्यात वेखंड. वेखंड आजीचं. पोथ्यांच्या बासनात ती ठेवायची. कॉमिकच्या कपाटातून वेखंडाचा वास येतो म्हणून बायको त्याला देवघर म्हणते.

एकदा फसलो. मला हव्या असलेल्या एका कव्हराचा फोटो आला. वेताळ, वादळ, बुडतं गलबत. अडीच हजार सांगितले, दोन हजार दोनशेला ठरलं. पार्सल आल्यावर हातात घेताच बोटांना शंका आली. कागद गुळगुळीत, पण नको तिथेही गुळगुळीत. भिंग लावलं. जुन्या छपाईत रंगाचे ठिपके एका शिस्तीत बसलेले दिसतात. इथे ठिपक्यांवर ठिपके, पाण्यावर तेल पसरावं तशा लाटा. रंगीत झेरॉक्स. आणि पिना नव्या कोऱ्या, चकचकीत. आत अंक खराच होता, पंचेचाळीस वर्षांचा, त्याच्या मधल्या पानावर जुन्या गंजाची भोकं होती आणि नव्या पिना त्या भोकांशेजारी ठोकलेल्या. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, तुम्हाला कव्हर बघायचंच आहे ना? मग यात चित्र तेच आहे की."

मी चिडलो, पैसे परत मागितले, अर्धे मिळाले. पण त्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच, चित्र तेच आहे. गोविंदनी रंगवलेलं मूळ चित्र माझ्याकडे नाहीच. माझ्याकडे आहे ते छापलेलं, हजारोंतलं एक. मग १९७८चं छापील कव्हर खरं आणि परवाचं झेरॉक्स खोटं, हे मी कशाच्या जोरावर म्हणतो? उत्तर शोधायला मी बरेच दिवस घालवले. एवढंच सापडलं की जुन्या कव्हरावर मागे पॉपिन्सच्या गोळ्यांची जाहिरात असते, राम आणि श्यामची, आणि ती कुणी बनावट करायच्या भानगडीत पडत नाही. झेरॉक्सची मागची बाजू कोरी होती.

पैशाचं निघालंच आहे तर. ज्या अंकात सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ साली दहा सेंटांना विकला गेला, त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. मला दुसरा आकडा लक्षात राहतो. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला दिले. इतर कामाचे पैसे मिळून ४१२ डॉलरचा चेक होता. त्या चेकवर दोघांच्याही आडनावांची स्पेलिंगं चुकलेली होती, म्हणून पाठीमागे त्यांना चुकीची आणि बरोबर अशा दोन-दोन सह्या कराव्या लागल्या. १९७५ मध्ये, बऱ्याच आरडाओरड्यानंतर, त्यांना सालाना २० हजार डॉलर आणि चित्रकथांवर आपली नावं परत मिळाली. आणि तो वटवून झालेला, निरुपयोगी चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. त्यातले दोघांना काही मिळायचा प्रश्नच नव्हता, दोघेही नव्हते.

डिस्नेची डोनाल्ड डक कॉमिक्स काढणाऱ्या कार्ल बार्क्सची गोष्ट त्यामानाने गोड आहे. त्याला सही करायची परवानगी नव्हती. पण पोरांना कळत होतं. बदकं काढणारे बरेच होते, त्यातला एक वेगळा आहे, हे त्यांनी नुसत्या रेघेवरून ओळखलं आणि नाव ठाऊक नसल्याने त्याला 'चांगला चित्रकार' असं म्हणू लागले. पुढे एकाने माग काढून त्याला पत्र लिहिलं. मी बाडांतला मॅकॉय आजारी वेताळ म्हणून ओळखला होता. म्हणजे रेघ मलाही दिसली होती, फक्त विचारायला सुचलं नव्हतं.

*

कव्हर मिळालं की जोड लावायची का, हा आमच्यात भांडणाचा विषय आहे. एकाकडे आतला अंक, दुसऱ्याकडे नुसतं कव्हर; दोन्ही आणून पिना मारल्या की पूर्ण अंक तयार. शुद्धतावादी म्हणतात ही फसवणूक आहे, विकताना सांगितलंच पाहिजे. मला विकायचं नाही, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा. बाडं उसवायची का? एकेक अंक सुटा करून त्याला त्याचं कव्हर द्यायचं? साठपैकी एकतीस कव्हरं आतापर्यंत जमली आहेत. बाइंडरला विचारलं. तो म्हणाला, दोरा कापला की पानंही जातील, शिवणीजवळ कागद मेलाय.

मग गेल्या पावसाळ्यात एका लॉटमध्ये बत्तिसावं आलं. मशालीचा केशरी उजेड, एक खांदा तांबूस, दुसरा अंधारात. सावंतवाडी स्टँडवर पाहिलेलंच ते, असं छातीठोक सांगत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आठवणीवरही कुणी बरेच रंग चढवलेले असतात. अंकाचं नाव पाहून मी चौथं बाड काढलं. सातवा अंक तोच. म्हणजे ज्या गोष्टीच्या कव्हरापाशी मी स्टँडवर उभा होतो, ती गोष्ट तेव्हा घरी माझ्या उशाशीच होती.

कव्हर उघडून त्या जागी ठेवून पाहावं म्हणून शिवणीपाशी बोट घालून बाड थोडं ताणलं. तेव्हा दिसलं, इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. लायब्ररीच्या बाइंडरने कव्हर मुळापासून काढलं नव्हतं. कात्रीने कापलं होतं, आणि शिवणीलगत मूळ कव्हराची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी आत राहून गेली होती. इतर अंकांना पाहिलं. कुठे हिरवी, कुठे काळपट निळी, कुठे नुसता पांढरा काठ. सातव्या अंकाची पट्टी वरून खाली गडद तपकिरी आणि मधे, साधारण वितभर अंतरावर, एक केशरी ठिपका.

नवं कव्हर मी तिच्यावर सरकवत नेलं, डाव्या कडेपर्यंत. वरचा तपकिरी जुळला. मशालीची एक ठिणगी कडेशी उडालेली होती, तीही केशरी ठिपक्यावर येऊन बसली.

बाड तसंच आहे. कव्हर त्या जागी सैल ठेवलंय, वेखंडाचा एक तुकडा मधे घालून.